दमलेली ग्रंथी

मिरजेत आरोग्यगुरू यशोधनजींच्या सभेला सभागृह तुडुंब भरायचं. कुंदाची थोरली बहीण मालन त्यांचेच उपचार घेत होती. आता तिला चार पावलं चाललं तरी धाप लागायची, पण गुरुजी रक्त तपासू देत नव्हते.

शेवटी कुंदा भरसभेत उभी राहिली. "ताईला झालंय तरी काय?"

"ॲड्रिनल थकवा," गुरुजी हसून म्हणाले. "मूत्रपिंडावरची ग्रंथी दमलीय. डॉक्टरांच्या तपासणीत ते दिसत नाही."

"मग ती बरी झाली हे कसं कळणार?"

"थकवा गेला, की उपचार लागू पडला."

"आणि नाहीच गेला तर?"

"तर ग्रंथी फारच दमलीय. उपचार वाढवायचे."

खाली बस म्हणून मालन कुंदाचा पदर ओढत होती, पण ती बसली नाही.

"म्हणजे ताई उठली तरी तुम्ही बरोबर आणि अंथरुणाला खिळली तरी तुम्हीच बरोबर. मग तुम्ही चुकलात हे आम्हाला कधी कळायचं, गुरुजी? तिला खांदा देताना?"



पदर सोडून मालनच उठली. "चल कुंदे, आधी रक्त तपासून येऊ."

रक्तक्षय निघाला. त्यावर औषध होतं, आणि ते वेळेत सुरू झालं.