ज्या पटावर चिंचोका पडला नाही

पुष्कळ वर्षांमागे एका राज्यात वैद्यकीची पाठशाळा होती. तिथले आचार्य वर्षभराचा अभ्यासक्रम कापडी पटावर लिहून काढत.

एकदा राणीने फर्मावले, "ज्याच्या अभ्यासक्रमात सगळ्यांना जागा, तोच मुख्य आचार्य होईल." आणि हे पारखणार कोण? तर गावची म्हातारी सुईण! आचार्यांनी नाके मुरडली, पण राणीपुढे बोलतो कोण?

सुईणीने सगळे पट अंगणात अंथरले. शिष्यांच्या हातात चिंचोके देऊन ती म्हणाली, "बाळांनो, ज्या ओळीपाशी तुमचं अडलं, तिथे एक ठेवा. भिऊ नका."

वनस्पती शिकवणारे आचार्य श्वास रोखून बघत होते. मुख्य आचार्य व्हायचे, हे त्यांचे वीस वर्षांचे स्वप्न. इतरांच्या पटांवर चिंचोके पडत गेले, यांच्या पटावर एकही नाही! त्यांना आभाळ ठेंगणे झाले.

"तुमचे शिष्य किती?" सुईणीने विचारले.

"सात."

"आणि वर्षाच्या सुरुवातीला?"

"चाळीस." आचार्यांचा आवाज खाली आला.

"मग ज्यांचं अडलं, ते चिंचोके ठेवायला इथे आहेत कुठे?"

आचार्य आधी चिडले. गेले ते आळशी, त्यात माझा काय दोष? पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पट काखेत मारून आणि मूठभर चिंचोके घेऊन ते कुंभाराच्या मुलीकडे गेले. ती चौथ्याच दिवशी शिकणे सोडून गेली होती.

मुलीने मातीचे हात पुसले आणि पहिल्याच ओळीवर चिंचोका ठेवला. 'सूर्योदयाला टेकडीवर हजर राहावे. उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही.'

"पहाटे माती मळून दिल्याशिवाय बाबांचं चाक फिरत नाही, गुरुजी. मी धावत यायची, पण तुम्ही पुढे गेलेले असायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही."

आचार्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "आणि झाडं काय, दुपारीही तिथेच असतात!" ते स्वतःवरच हसले.

मग ते उरलेल्या बत्तीस घरी गेले. अभ्यासक्रम नव्याने लिहिला. मुख्य आचार्यपद दुसऱ्याला मिळाले, त्याचे त्यांना फारसे वाईटही वाटले नाही.

नव्या वर्षी ऊन चांगले वर आल्यावर कुंभाराची मुलगी टेकडीवर आली. आचार्यांनी सर्वांदेखत तिला हात जोडले. "पोरी, माझी चूक तू मला दाखवलीस आणि वर परतही आलीस. तुझे उपकार मी विसरणार नाही."

त्या वर्षी त्यांच्या वर्गातून कुणीही उठून गेले नाही.

तात्पर्य : आपल्याकडे सगळ्यांना जागा आहे की नाही, हे समोर बसलेल्यांपेक्षा उठून गेलेल्यांना विचारावे.