पान एक्केचाळीसवरची भाजी

एकदा एक शिष्य आनंदाने फुलून आपल्या वृद्ध गुरुजींच्या घरी आला. त्याचे रानभाज्यांवरचे पहिले पुस्तक नुकतेच प्रसिद्ध झाले होते आणि त्या पुस्तकाची ब्लॉग टूर आदल्याच दिवशी पूर्ण झाली होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या दौऱ्यात लेखक घरीच बसतो, पुस्तक तेवढे फिरते. ठरल्या तारखांना रोज एका नव्या ब्लॉगवर त्याचा मुक्काम पडतो. तो ब्लॉगवाला पुस्तकाविषयी लिहितो, लेखकाची मुलाखत छापतो, मुखपृष्ठाचे चित्र लावतो. यात मुळात वाईट काहीच नाही. नवे पुस्तक गठ्ठ्यात पडून राहण्यापेक्षा चार लोकांच्या नजरेला पडलेले केव्हाही उत्तम.

परंतु या शिष्याची टूर कशी झाली ते ऐका. मुक्काम चौदा. त्यांच्या तारखा पुस्तक छापून होण्याआधीच ठरलेल्या. गुरुजींनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेले, म्हणून त्यांनी दोनदा हस्तलिखित वाचायला मागितले. दोन्ही वेळा वेळ नाही असे उत्तर मिळाले. शेवटची मुद्रिते तर कुणीच वाचली नाहीत, कारण सोमवारी पहिला मुक्काम होता. वेळ मिळाला तो एका गोष्टीसाठी. पुस्तकाविषयी काय लिहिता येईल याची नमुन्याची वाक्ये शिष्याने स्वतः तयार केली आणि ब्लॉगवाल्यांचा वेळ वाचावा म्हणून प्रत्येकाला पाठवली.

त्या दिवशी गुरुजींसमोर बसून त्याने मोबाइलवरून चौदाही अभिप्राय वाचून दाखवले. नऊ जणांना पुस्तकात 'मातीचा गंध' आला होता. तिघांच्या मते ते प्रत्येक घरात असायलाच हवे होते. अकराव्या मुक्कामावरच्या बाईंनी लिहिले होते की, शेवळांची भाजी पुस्तकात दिल्याप्रमाणे हुबेहूब केली, घरच्यांनी बोटे चाटून खाल्ली. हे वाचताना शिष्याचा स्वर भरून आला. गुरुजी शांतपणे ऐकत होते. शेवटी ते एवढेच म्हणाले की, जेवूनच जा, आज शेवळेच आहेत.

शेवळे म्हणजे ज्येष्ठात जमिनीतून वर येणारे जांभळट, टोकदार कोंब. बाजारात त्यांच्या जुड्या मिळतात आणि जाणकार माणसे त्यांची वर्षभर वाट पाहतात. त्या घरात स्वयंपाक सूनबाई करीत. परंतु आज त्यांनी या भाजीला हात लावायला साफ नकार दिला होता. म्हणून पंच्याऐंशी वर्षांचे गुरुजी स्वतः ओट्यापाशी उभे राहिले होते. शेजारी शिष्याचे पुस्तक उघडे होते आणि पान मिटू नये म्हणून त्यावर वाटी ठेवली होती. शिष्याला हा आपला मोठाच सन्मान वाटला. सूनबाई मात्र दाराशी गंभीर चेहऱ्याने उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात एक झाकलेला पेला होता.

ताटे वाढली. गुरुजींनी पहिला घास स्वतः घेतला. शिष्याने पाठोपाठ तीन घास खाल्ले आणि चौथा हातातच राहिला. घशात बारीक कुसळे टोचावीत तसे होऊ लागले, जीभ जड झाली, डोळ्यांतून पाणी आले. त्याने तांब्याभर पाणी पिऊन पाहिले, त्याने काही होईना. गुरुजींचेही डोळे वाहत होते. ते मात्र पाटावरून हलले नाहीत. सूनबाईंनी पुढे होऊन झाकलेला पेला दोघांमध्ये ठेवला. त्यात चिंचेचा कोळ होता.

"काय घातलं होतं यात?" शिष्याने कसेबसे विचारले.

"तू लिहिलंस तेवढंच. पान एक्केचाळीस."

शिष्याने पुस्तक ओढून घेतले आणि त्याचा चेहरा उतरला. शेवळे मुळातच खाजरी. काकड नावाच्या रानफळाचा आंबट रस घातल्याशिवाय ती घशाखाली उतरत नाहीत, आणि काकडे नसली तर निदान चिंच तरी हवीच. हे त्याला ठाऊक होते; त्याच्या टिपणवहीत लिहिलेलेही होते. पानावर छायाचित्र मोठे बसावे म्हणून दोन ओळी कापल्या गेल्या होत्या, आणि त्या नेमक्या याच होत्या.

मग त्याचा संताप उफाळून आला. चौदा जणांनी पुस्तक उघडलेसुद्धा नाही, असे तो बोलू लागला. त्या अकराव्या बाईंनी तर धडधडीत खोटे लिहिले, ही भाजी खाऊन कुणी बोटे चाटणे शक्यच नाही, अशा लोकांना उघडे पाडले पाहिजे. गुरुजींनी त्याला बोलू दिले. तो दमल्यावर त्यांनी विचारले की, बोटे चाटण्याचे ते वाक्य मुळात कुणाचे.  ते शिष्यानेच पाठवलेल्या नमुन्यातले सहावे वाक्य होते.

गुरुजींनी उशाजवळची वही आणली. रोज सकाळी भिंग घेऊन ते टूरचा एकेक मुक्काम वाचत आले होते. ते म्हणाले, "चौदा दिवसांत उतरवून ठेवावं असं मला एकच सापडलं. नवव्या मुक्कामाखाली यमुना मेंगाळ नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. शहापूरकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवतात. ऐक. 'पान एक्केचाळीसवर काकडं घालायची राहिली आहेत. आम्ही काकडांशिवाय शेवळं शिजवत नाही. कुणी तशीच केली तर घसा धरेल, लहान मुलांना फार त्रास होईल. कृपया सुधारावे.' सकाळी मी हे वाचलं. दुपारी पुन्हा पाहायला गेलो, तर ते तिथं नव्हतं."

शिष्याने मान खाली घालून खरे ते सांगितले. ब्लॉगवाल्याने त्याला विचारले होते, आणि टूरच्या मध्येच बेसूर नको म्हणून त्यानेच ते काढायला सांगितले होते. पान उघडून पाहायलाही त्याला सवड झाली नव्हती.

आता गुरुजींचा आवाज थरथरला, आणि तो घशामुळे नव्हे. "चौदा जणांनी तुझं पुस्तक आत घेतलंच नाही. दारात हार घातला आणि पुढच्या दाराकडे पाठवलं. एका बाईनं ते घरात घेतलं, वाचलं, त्यातली चूक दाखवली, आणि तिलाच तू हाकलून दिलंस. मला त्या चौदांचा राग नाही, तुझा आलाय. आज कुठंतरी एखादी आई तुझ्यावर भरवसा ठेवून हे पान उघडून बसली असेल. लेकरांना वाढेल ती. तिला सावध करणारं एकच माणूस होतं, आणि त्याचं तोंड तू बंद केलंस."

शिष्य ताटावरून उठला तो थेट घरी जाऊन लिहायला बसला. चौदाही जणांना त्याने चूक कळवली आणि ती ठळकपणे छापण्याची विनंती केली. उत्तरे काय आली ते सांगताना माझे डोके अजून तापते. नऊ जणांनी उत्तरच दिले नाही. एकाने कळवले की, टूर संपली आहे, पुढच्या टूरसाठी नाव नोंदवावे. एकाने ते दुरुस्तीचे पत्र न वाचताच छापले आणि वर मथळा दिला, 'मातीचा गंध, पुन्हा एकदा!' अकराव्या बाईंनी जरा दुखावल्या स्वरात लिहिले की, त्यांच्या घरी भाजी उत्तमच झाली होती. दुरुस्ती जशीच्या तशी छापणारे निघाले फक्त दोघे.

शिष्याने यमुनाबाईंचा फोन नंबर मिळवला आणि त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं राहू द्या सर, आधी काकडांचं लिवा. किती घ्यायची तेही लिवा, शहरातल्या बायांना अंदाज नसतो."

मग मात्र लेखक स्वतः फिरला. पुस्तक ठेवलेल्या एकेका दुकानात जाऊन, परवानगी काढून, त्याने उरलेल्या प्रत्येक प्रतीत पान एक्केचाळीसवर हाताने लिहिले. ज्यांनी पुस्तक आधीच नेले होते त्यांची नावे दुकानदारांकडून मिळतील तेवढी मिळवून प्रत्येकाला फोन केला. दोन घरांत ती भाजी होऊन गेलेली होती. तिथे त्याला जे ऐकावे लागले ते त्याने निमूटपणे ऐकून घेतले.

आठवड्याने त्याने दुरुस्त केलेली एक प्रत गुरुजींच्या हाती दिली. गुरुजींनी भिंग लावून पान एक्केचाळीस वाचले. छायाचित्राच्या कडेला निळ्या शाईत लिहिले होते: 'एका जुडीला दहा-बारा काकडे ठेचून त्यांचा रस घालावा, त्याशिवाय ही भाजी करू नये. ही सूचना यमुना मेंगाळ यांची. ती मी एकदा पुसून टाकली होती.'

 गुरुजींनी पुस्तक सूनबाईंकडे दिले. सूनबाईंनी ते पान वाचले, पुस्तक ओट्यावर ठेवले आणि त्या शेवळे निवडायला बसल्या.