राहून गेलेला फर्मा

एकदा एक वृद्ध ग्रंथपाल होते. जीर्ण पुस्तके स्वतःच्या हातांनी शिवून, खळ लावून ते पुन्हा उभी करीत. त्यांच्याकडे वाचन शिकायला दोघे येत, एक शिष्य आणि एक शिष्या. गुरुजींनी दोघांना एकाच अवघड कादंबरीची एकेक प्रत दिली.

शिष्याने ती झपाट्याने संपवली. शिष्या मात्र पानोपानी अडे. रोज संध्याकाळी ती शंका घेऊन येई, बाकावर गुरुजींच्या शेजारी बसे आणि दोघे एकेका वाक्यावर बोलत, मध्येच हसत. ते हसणे ऐकून शिष्याच्या पोटात दुखे. पुस्तक संपवले आपण, आणि कौतुक त्या अडखळणारीचे! त्याला बाकावरची ती जागा हवी होती. मत्सराने त्याची झोप उडाली.

तिचेही पुस्तक संपले, तेव्हा त्याला राहवेना. "गुरुजी, मी केव्हाच वाचून बसलोय. मला काही विचारा तरी!"

"बरं. शेवटी तो मुलगा आईचं लुगडं नदीत का सोडतो?"

"ते मुक्तीचं प्रतीक आहे," शिष्य ताठ मानेने म्हणाला.

गुरुजी उठले. कपाटातून सोळा पानांचा सुटा फर्मा काढून त्यांनी त्याच्या हाती ठेवला. "हा तुझ्या प्रतीतला. शिवताना माझ्याकडून राहून गेला. आई यात वारते."

शिष्याचा चेहरा उतरला. "आई मधूनच दिसेनाशी झाली खरी. मला वाटलं, अवघड कादंबरीत असंच असतं."

"प्रत दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा मला टेबलाखाली सापडला. लगेच द्यावा असं वाटलं, पण थांबलो. म्हटलं, गोष्ट तुटली की तू चिडून येशील, पानं कुठे गेली म्हणून भांडशील. तू आलाच नाहीस. तुझा एक डोळा सतत या बाकावर होता, बाळा. ही जागा मी तिला दिली नाही रे. ती अडली, म्हणून इथे येऊन बसली."

शिष्य फर्मा घेऊन खिडकीशी गेला आणि वाचू लागला. पहिले पान उलटले, पुन्हा मागे आला. बराच वेळ तो तिथेच घुटमळला.

मग खालच्या आवाजात त्याने विचारले, "गुरुजी, मुलगा समोर बसलेला असताना आई त्याला 'तू कोण' असं का म्हणते?"

शिष्या बाकावर थोडी सरकली. "ये," ती म्हणाली, "मीही तिथेच अडले होते."