पोवळ्याच्या पोटातले पाहुणे

एका गावात एक बयाजी होता आणि त्याचा जीव की प्राण असा पोवळ्या नावाचा बैल होता. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिलं जायचा मान पोवळ्याचा. बयाजी त्याला रोज घासूनपुसून लख्ख करी. अंगावर गोचीड दिसला की चिमटीत धरलाच! उवा-पिसवांची तर बिशादच नव्हती. दुसऱ्याच्या बैलावर एखादा गोचीड दिसला, तर हा पठ्ठ्या चावडीवर चारचौघांत त्याची टिंगल करी.

त्या वर्षी नागपंचमीलाच पोवळ्याच्या बरगड्या दिसू लागल्या. चारा भरपूर, तरी पाय लटपटत. पोळा तोंडावर आलेला. बयाजीचा जीव टांगणीला लागला.

बायको गजरा म्हणाली, "अहो, सगळे पाहुणे ओसरीवरच बसत नाहीत. काही थेट माजघरात शिरतात. शेण न्या दवाखान्यात."

"माझ्या बैलाच्या पोटात जंत? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. पोवळ्याकडं बघा."

पोवळ्या मान टाकून उभा होता. बयाजीला भरून आलं. त्याने पळसाच्या पानात शेण बांधलं आणि उपरण्याखाली दडवून निघाला. चावडीपाशी धोंडूने हटकलंच, "काय लपवलंय, बयाजी?"

बयाजी थबकला. मग त्याने उपरणं बाजूला केलं. "शेण आहे. तुमच्या बैलांचे गोचीड हुडकत बसलो, नि माझाच बैल आतून पोखरला."

चावडीवर हशा पिकला. बयाजीही हसला आणि झपाझप पुढे गेला.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शेण भिंगाखाली पाहिलं. "काका, जंतांच्याही जाती असतात. कुणी दोऱ्यासारखा गोल, कुणी फितीसारखा लांब, कुणी पानासारखा चपटा. तुमच्या बैलाला पानासारखे झालेत, त्यांचीच अंडी शेणात दिसली. तळ्याकाठच्या गवतातून आले नि यकृतात बसले. जशी जात, तसं औषध."

औषध लागू पडलं. पोळ्याला पोवळ्या डौलात तोरणाखालून पहिला गेला. ढोल दणाणले, बयाजी मनसोक्त नाचला, आणि नाचता नाचता ज्याला त्याला विचारत सुटला, "शेण दाखवलंस का रे?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर रांग लागली. सगळ्यांत पुढे धोंडू होता, पानातलं शेण उघड्या तळहातावर घेऊन.

तात्पर्य: बाहेरची कीड चिमटीने निघते, आतली काढायची तर आधी ती आहे हे कबूल करावं लागतं.