वीसपैकी वीस

“वीसपैकी वीस मार्क मिळवलेली बाई असं कसं करू शकते, सिस्टर?”

चप्पल काढता काढताच ओजसने विचारलं. एक चप्पल पायातच राहिली होती.

तिरोडकर सिस्टर पडवीत कोळंबी सोलत बसल्या होत्या. शेजारी मासेवाली फ्लोरी, टोपली झाकून जरा टेकलेली. सिस्टरांनी मान वर केली नाही.

“कुठली बाई?”

“सुगंधा घाडी. आमची गावातली स्वयंसेविका. काजूच्या बागेत एका माणसाला साप चावला. हिने त्याच्या मनगटाला करकचून दोरी बांधली. दवाखान्यात पोचायला तीन तास लागले. माणूस वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. दोरी बांधू नये, हे मी शिकवलंय तिला. परीक्षेत तिने बरोबर उत्तर दिलंय!”

“बस.”

ओजस बसला नाही.

त्याचं काम असं होतं. गावोगावच्या स्वयंसेविकांसाठी संस्थेने मोबाइलवर शिकायचे कोर्स काढले होते. व्हिडिओ बघायचे, शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. सर्पदंशाचा कोर्स सगळा ओजसने बांधलेला. अकराशे चाळीस बायकांनी तो केला, त्यातल्या अकराशे सव्वीस पहिल्याच फटक्यात पास. त्या आकड्यासाठी त्याला पुण्याला बोलावून शाल घातली होती. शालीचा फोटो त्याने आईला पाठवला, तेव्हा आईने उलट लिहिलं होतं, ‘एकदा तिरोडकर सिस्टरना दाखव.’

आई नर्स होती. चाळीस वर्षं नर्सिंग शिकवलेल्या या बाईंनी तिला दोनदा नापास केलं होतं. तरी घरात त्यांचं नाव निघालं की आई आवाज खाली आणायची.

तेव्हा ओजस आला नव्हता. आता आला होता.

“सोमवारपर्यंत नवीन पेपर हवाय,” तो म्हणाला. “ऑफिसच्या देवस्थळी मॅडम म्हणतात, वीसचे पन्नास प्रश्न कर. आणि सुगंधाचं नाव संस्थेच्या यादीतून काढ.”

“वाच.”

“काय?”

“दोरीचा प्रश्न.”

ओजसने फोन काढला. तो तोंड उघडणार, एवढ्यात सिस्टरांनी ओला हात वर केला.

“प्रश्न नको वाचू. नुसती उत्तरं वाच. हिला.”

त्यांनी फ्लोरीकडे बोट केलं.

ओजस हसला. पण सिस्टर हसल्या नव्हत्या. मग त्याने वाचलं.

“अ, दोरी घट्ट बांधावी. ब, जखम ब्लेडने कापावी. क, मांत्रिकाकडे न्यावे. ड, रुग्णाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू न देता स्थिर ठेवावा व वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.”

“फ्लोरी, खरं उत्तर कुठलं?”

“शेवटचा,” फ्लोरी म्हणाली.

“प्रश्न काय होता?”

“माका काय ठावक?”

“मग कशावरून?”

फ्लोरीने पदराने तोंड पुसलं. “पयले तीन ऐकानच वायट वाटतत. आणि शेवटचा केवढा लांब आसा!”

ती टोपली डोक्यावर घेऊन उठली आणि पायऱ्या उतरून गेली.



“आणखी वाचू?” त्याने विचारलं.

“किती प्रश्नांत शेवटचं उत्तर लांब आहे?”

त्याने स्क्रीनवर बोट फिरवलं. खाली… आणखी खाली…

जवळजवळ प्रत्येक प्रश्नात.

फोन थरथरला. देवस्थळी मॅडम. त्याने तो खिशात टाकला, परत काढला, परत टाकला.

“ठीक आहे, मी कठीण करतो,” तो म्हणाला. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो येरझाऱ्या घालत होता. “सापांच्या जाती विचारतो. विषाचे प्रकार विचारतो. रक्त किती मिनिटांत गोठतं ते विचारतो. उत्तरं सगळी एका मापाची ठेवतो. मग बघू कोण वीसपैकी वीस काढतं!”

“काढणार नाहीत.”

“तेच म्हणतोय मी.”

“काजूच्या बागेत रक्त गोठायची मिनिटं कोण मोजणार होतं?”

ओजस थांबला.

“मग विचारू काय?”

सिस्टरांनी एक कोळंबी उचलली, पाठीवरून सुरी फिरवली, काळा दोरा अलगद ओढून काढला. पुढची उचलली.

“तिने दोरी का बांधली?”

“तेच तर मी तुम्हाला…”

“तिला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? उत्तर तिला येत होतं, सिस्टर! माझ्याकडे नोंद आहे.”

 सिस्टरांनी उरलेली कोळंबी सोलली, टरफलं केळीच्या पानात बांधली. भांडं घेऊन आत गेल्या आणि चुलीजवळून त्यांचा खोकण्याचा आवाज आला.

 ओजसने काढलेली चप्पल परत पायात घातली आणि मोटारसायकलची चावी काढली.

*

सुगंधा घाडीचं घर तिथून चौदा किलोमीटर. डांबरी रस्ता संपल्यावर लाल मातीची चढण होती.

त्याने निघताना फोन केला होता; ती दारातच उभी होती. हातात प्रमाणपत्र. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं.

“न्यायला आलात ना, सर?” तिने ते पुढे केलं.

“नाही… म्हणजे… दोरी का बांधलीत, एवढंच विचारायला आलोय.”

“मी नाही बांधली.”

“रिपोर्टमध्ये लिहिलंय.”

“रिपोर्ट लिहायला कोण आलं होतं इकडे? फोनवर विचारलं, दोरी होती का. मी म्हटलं, होती.”

ओजसला पाणी हवं होतं. मागवेना.

“मी पोचले तेव्हा बांधलेलीच होती,” सुगंधा म्हणाली. “त्यांच्या थोरल्या भावाने. सुंभाची. मी म्हटलं, बांधायची नसते, परीक्षेत होतं. तर तो म्हणाला, मग सोड तू. सोडल्यावर विष चढून हा मेला, तर तुझ्या दारात आणून ठेवतो… सात-आठ माणसं होती, सर. सगळी माझ्याकडे बघत होती.”

“मग?”

“मग मी दोरीला हात घातला. आणि काढून घेतला. मला आठवेना.”

“काय आठवेना?”

“बांधायची नाही, हे आठवत होतं. बांधलेली असली तर काय करायचं, ते आठवेना. तेवढ्यात कुणी म्हणालं, जीप येतेय. मग सगळे जीपची वाट बघत बसलो. दोन तास.”

 परसात कुणीतरी नारळ सोलत होतं. जमिनीत रोवलेल्या पारईवर नारळ आपटण्याचा आवाज येत होता, थांबत होता, येत होता.

“सर, मी कोर्स परत बघितला,” ती म्हणाली. “दोनदा. सगळे व्हिडिओ. मला ते कुठे सापडलं नाही. कितव्या व्हिडिओत आहे?”

ओजस मनातल्या मनात व्हिडिओ मोजू लागला.

“काय करायला हवं होतं मी? सोडायची की नाही?”

शाल घातलेला माणूस अंगणात उभा होता. समोर त्याची विद्यार्थिनी. प्रश्न अगदी सरळ होता, पर्याय दोनच.

“मला माहीत नाही,” ओजस म्हणाला.

सुगंधाने नुसती मान हलवली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“बसा, पाणी आणते,” ती म्हणाली.

*

त्या दिवशी तो घरी गेला नाही. थेट तालुक्याच्या दवाखान्यात गेला. बाहेरच्या रुग्णांची रांग संपेपर्यंत बाकावर बसला, उठला, परत बसला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

“तिने तिथे सोडली नाही, ते बरंच केलं,” ते म्हणाले. “घट्ट बांधलेली दोरी बागेत एकदम सोडली आणि विष झपकन अंगात गेलं, तर तिथे कोण सांभाळणार? ती इथे सोडायची, आमच्यासमोर, औषध हाताशी ठेवून. बांधल्याची वेळ तेवढी सांगायची. पण वाट बघत बसले ना, ते वाईट झालं. मोटारसायकली नव्हत्या तिथे?”

“होत्या. तीन.”

“दोघांच्या मध्ये बसवून आणायचं, हात हलू न देता. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे.”

ओजसने ते लिहून घेतलं. 

पुढचे चार दिवस तो गावं फिरला. सोमवार आला नि गेला. मॅडमचे फोन त्याने घेतले, पण ‘पेपर होतोय’ यापलीकडे काही सांगितलं नाही. ज्या ज्या स्वयंसेविकेने साप चावलेला माणूस खरोखर पाहिला होता, तिला तो एकच विचारी, “तेव्हा तुम्ही काय केलंत?” बायका आधी पुस्तकातलं सांगत. तो वही मिटून ठेवी. मग हळूहळू खरं निघे. एकीने दोरी सोडली होती. दुसरीने ती जरा सैल करून चहा पाजला होता. तिसरी रुग्णवाहिकेला फोन लावून वळणावर जाऊन उभी राहिली होती, तासभर. एक जण तर पळून घरी गेली होती, हे सांगताना रडली.

परत आल्यावर त्याने जुना पेपर पुसला. पन्नास प्रश्न केले नाहीत. सहाच केले. पहिला असा होता.

*तुम्ही बागेत पोचलात. माणसाच्या मनगटाला घट्ट दोरी बांधलेली आहे. बांधणारा भाऊ समोर उभा आहे. जीप दोन तासांनी येईल. तीन मोटारसायकली आहेत. तुम्ही काय कराल?*

*अ. दोरी लगेच सोडून जीपची वाट बघेन.*

*ब. दोरी सैल करून जीपची वाट बघेन.*

*क. दोरी तशीच ठेवून जीपची वाट बघेन.*

*ड. दोरी तशीच ठेवून मोटारसायकलने निघेन.*

मग पर्यायांचा क्रम प्रत्येकीच्या फोनवर वेगळा दिसेल, अशी सोय केली. सगळी उत्तरं डॉक्टरांकडून तपासून आणली.

देवस्थळी मॅडमना त्याने पत्र लिहिलं. दोरी सुगंधा घाडीने बांधली नव्हती. तिच्यावर जी वेळ आली ती कोर्समध्ये कुठेच नव्हती. कोर्स माझा आहे, तेव्हा यादीतून नाव काढायचं असेल तर माझं काढावं. तीन वेळा वाचून पाठवलं. 

दोन दिवसांनी सुगंधाचं नाव यादीत राहिल्याचं कळलं. त्याच्या नावाबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यामुळे त्याची धाकधूक आणखीच वाढली.

मग नवा पेपर सगळ्या अकराशे चाळीस जणींना गेला.

*

“सिस्टर!”

या वेळी त्याने एकही चप्पल काढली नव्हती. तसाच पायरीखाली उभा राहिला.

सिस्टर दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी एक चादर त्याच्याकडे टाकली. तिची दोन टोकं त्याने धरली, दोन त्यांनी.

“निकाल लागला,” तो म्हणाला. “मॅडम भयंकर चिडल्यात. म्हणतात, एवढा चांगला चाललेला कोर्स, तू एका आठवड्यात त्याची वाट लावलीस. वर काय दाखवायचं आता? परत जुना पेपर लाव म्हणतात.”

“नीट धर.”

त्याने चादर ताणून धरली. सिस्टर पुढे आल्या, टोकं त्याच्या हातात दिली, घडी मोडली होती ती हाताने सरळ केली.

“मी चूक केली का, सिस्टर? प्रश्न खोटा नाही. उत्तरं डॉक्टरांनी बघितलीत. एकही शब्द फसवा नाही त्यात. फ्लोरीला विचारा हवं तर. तिलाही ओळखता येणार नाही. पण पहिल्याच प्रश्नाला…”

तो थांबला.

“सांग.”

“साडेतीनशेहून जास्त जणी म्हणाल्या, दोरी लगेच सोडेन. मीच शिकवलंय ना, दोरी वाईट म्हणून! दोनशेच्या वर जणी सैल करून बसणार. आणि दीडशेएक जणी नुसत्याच वाट बघणार…”

“एकूण?”

“सातशे बारा.” त्याचा आवाज चिरकला. “अकराशे चाळीसपैकी सातशे बारा चुकल्या!”

सिस्टरांनी त्याच्या हातातून चादर घेतली. शेवटची घडी घातली. ती छातीशी धरून त्या त्याच्याकडे वळल्या.

“चुकल्या कुठे रे,” त्या म्हणाल्या. “सातशे बारा जणींनी तुला खरं सांगितलं.”