टिटवीचं लंगडणारं पिलू

ज्या काळी प्राणी एकमेकांशी बोलत, आणि बोललेलं ऐकूनही घेत, त्या काळी एका तळ्याकाठी टिटवी राहत होती. शत्रू दिसला की ती पंख मोडल्याचं सोंग करी आणि लंगडत लंगडत त्याला पिलापासून लांब नेई. पिलाने हे एकदाच पाहिलं आणि हुबेहूब उचललं. टिटवीने ते कौतुकाने साऱ्या तळ्याला सांगितलं. पुढे मात्र चाल म्हटलं, झोप म्हटलं, की पिलू लंगडायला लागे. दिवसभर त्याच्यामागे धावून टिटवी अर्धी झाली.

एके दिवशी कोल्हा आला. पिलाला गवतात दडवून टिटवी लंगडू लागली. कोल्हा तिच्यामागे निघालाच होता, तेवढ्यात गवतातून आवाज आला, "आई, चुकलीस! काल डावा पंख मोडला होता!"

कोल्हा वळला. टिटवी धावत येऊन पिलापुढे उभी राहिली. तिच्यामागे पिलू डावा पंख लोंबवत लंगडून दाखवू लागलं. सोंग करायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"हे सारखं असंच करतं का हो?" कोल्ह्याने विचारलं.

"डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत."

कोल्ह्याने सुस्कारा सोडला. "घरी माझी चार आहेत. त्यांना शिकार शिकवायला भक्ष्य जिवंतच न्यावं लागतं. हे नेलं तर संध्याकाळपर्यंत चौघंही लंगडतील. नको बाई, राहू दे." आणि तो निघून गेला.

"आई, मीच पळवलं ना त्याला?" पिलाने विचारलं.

टिटवीने त्याला चांगलं झापलं. पण त्याआधी तिने शेजारच्या पाणकोंबडीला हाक मारून सगळं सांगून घेतलं.