घुबडमामांची दुपारची चौकशी

माणसानं अजून रान मोजलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट.

"कोल्होबा ढोलीतली जांभळं खातात, आणि घुबडमामाही म्हणे..." एवढं साळुंकीला सांगून पोपट उडाला. ती जांभळं साऱ्या पिल्लांसाठी राखलेली, आणि तिची तीन पिल्लं उपाशी! जांभळं कमी होतात म्हणून मुखिया कोल्होबांनी घुबडमामांकडून तीनदा चौकशी करवली होती. तिन्ही वेळा भर दुपारी, आणि उत्तर एकच: "काही दिसलं नाही." आता चौकशी म्हटलं की खारीसुद्धा हसायच्या.

साळुंकी तडक घुबडमामांकडे गेली. "मामा, जीभ दाखवा!"

मामांनी मुकाट्यानं चोच उघडली. जांभळाचा डागही नव्हता. साळुंकी ओशाळली.

"मग दुपारी का हो येता? उन्हात दिसतं तरी का तुम्हाला?"

"मुखिया बोलावतात तेव्हा येतो, बाई."

"आज मी बोलावते. दिवस कलल्यावर या."

संध्याकाळी सगळे जमले. मामांनी आधी स्वतःची जीभ दाखवली, मग म्हणाले, "आता तुमची, कोल्होबा."

ती गर्द जांभळी निघाली. ढोलीची राखण साळुंकीकडे आली, पिल्लं पोटभर जेवली.

"बघा, मी म्हटलंच होतं!" पोपट मिरवू लागला.

"अर्धंच खरं होतं हो तुझं," साळुंकी म्हणाली. "उरलेल्या अर्ध्यासाठी मामांची माफी माग."